२५ तारखेला नवीन काय असतं? आगमनकाळ घरी कसा पाळता?

टॉवेलखातं
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

सर्वांना जय ख्रिस्त.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्याकडे नाताळ ऑगस्टमध्ये येतो. लाल-हिरव्या काठाचे, हरणांचे, बर्फाच्या चांदण्यांचे टॉवेल तेव्हाच मागावरून उतरतात. माल बोटीनं जायचा असतो आणि परदेशातल्या दुकानांत वेळेआधी लागायचा असतो. बाहेर गणपतीची ढोलपथकं सराव करत असतात आणि मी आत सांताक्लॉजचे चेहरे डझनावारी मोजत असतो. ही तक्रार नाही. त्या ऑर्डरींचा ओव्हरटाइम मिळतो म्हणून पोरांच्या फिया वेळेवर जातात.

पण गेली काही वर्षं काय होतंय, ते सांगतो. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नवी पेठेत त्याच खिळ्यांवर चांदण्या लागतात. शाळेचा निरोप येतो की अमुक तारखेला मुलांना सांताचा ड्रेस घालून पाठवा. सोसायटीची पार्टी १३ डिसेंबरला. मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चमधला, मुलांचा कार्यक्रम ७ ला, महिला मंडळाचा १७ ला. मधे नातेवाईक, ऑफिस, ट्यूशन. २५ उजाडेपर्यंत पाच-सहा केक खाऊन झालेले असतात, त्याच त्या नाताळगीतांनी घसा बसलेला असतो आणि सकाळच्या उपासनेत मी जांभया दाबत उभा असतो. २६ ला झाड खाली.

मागच्या रविवारी चर्चहून येताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडीवर पुढं उभी असलेली माझी धाकटी म्हणाली, "पप्पा, २५ तारखेला नवीन काय असतं?" ती तिसरीत आहे. मी म्हटलं, प्रभूचा जन्म. तर म्हणते, "तो तर मागच्या वर्षी सात तारखेलाच झाला ना? मीच मरिया होते."

सिग्नल सुटला. मला उत्तर आलं नाही, आणि आठ दिवस झाले तरी आलेलं नाही.

या वर्षी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आहे. दोन आठवडे हातात आहेत. मला दुकानांशी भांडायचं नाही, माझं पोटच त्यावर आहे. मला एवढंच विचारायचंय की तुमच्या घरी हे चार आठवडे कुणी खरोखर पाळतं का? काय करता? लहान मुलांना वाट बघायला कसं शिकवता?

निवृत्त_बाई
१७ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. तिनं फार नेमकं विचारलं आहे.

आपल्या जुन्या मराठी मंडळ्यांना आगमनकाळ परका का वाटतो, याला एक कारण आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगरला, इकडे सोलापूरला ठाणी करणारे अमेरिकन मिशनरी ज्या परंपरेतले होते, तिच्यात सण-काळाचं पंचांग फारसं नव्हतं. त्यांच्या पूर्वजांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्यांनी आपल्याला देवाचं वचन दिलं, शाळा दिल्या, गाणं दिलं. आगमनकाळाचे जांभळे रविवार दिले नाहीत.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, त्यांच्याबरोबर हे पंचांग आपल्याकडे आलं. तो दिवस कोणता होता? आगमनकाळाचा पहिला रविवार. मला ही गोष्ट फार आवडते.

पण पंचांग नव्हतं म्हणून तयारी नव्हती असं समजू नका. माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. नाताळाच्या उपासनेत प्रभुभोजन असायचं आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात पाळकसाहेब सायकलवरून घरोघर यायचे. भिंतींना चुना दिलाय का, हे ते विचारत नसत. विचारायचे, "कुणाशी अबोला आहे का?" माझ्या वडिलांचा आणि थोरल्या चुलत्यांचा बांधावरून सहा वर्षं अबोला होता. एका वर्षी पाळकसाहेब गेले तसे वडील उठले, कंदील घेतला, पायलीभर ज्वारी धोतराच्या सोग्यात बांधली आणि चुलत्यांच्या वस्तीवर गेले. मी मागे मागे. गळाभेट वगैरे काही झालं नाही. चुलते म्हणाले, "ये. बस. च्या घे." वडील बसले. बांध कुणाचा हे मला आजही माहीत नाही.

त्या वर्षीचं नाताळ मला आठवतं. बाकीची एकात एक मिसळून गेली आहेत.

रेल्वेलाईन्स
१७ नोव्हेंबर, दुपारी १.०५

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे हा काळ ठसठशीत असतो. फादर जांभळा झगा घालतात. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, रविवारचं गौरवगीत बंद होतं आणि २४ च्या रात्री घंटांच्या गजरात परत येतं. चार आठवडे ते ऐकलेलं नसतं म्हणून त्या रात्री अंगावर काटा येतो. माझ्या आईला ऐकू कमी येतं, तरी तिला घंटांची कंपनं कळतात आणि ती माझा हात दाबते.

घरी हिरव्या पानांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या लावतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्याला दोन, असं. गुलाबी तिसऱ्या रविवारची, तो आनंदाचा रविवार. काही जण मधे एक पांढरी ठेवतात, ती नाताळला लावायची.

टॉवेलखातं, तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट. हे कडं कॅथलिकांचं आहे असं सगळ्यांना वाटतं, पण त्याची सुरुवात एका प्रोटेस्टंट पाळकानं केली. योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक जर्मनीत हॅम्बुर्गला गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लहान मेणबत्त्या बसवल्या. रोज एक पेटवायची. मुलांना उत्तर शब्दांत दिलंच नाही, उजेड वाढताना दाखवला.

आणि गोठा. आम्ही तो मांडतो पहिल्या रविवारी, पण गव्हाणी रिकामी. येशूबाळाची मूर्ती कपाटात. कुणी काही चांगलं केलं की गव्हाणीत कडब्याची एक काडी टाकायची, बाळाचं अंथरूण मऊ व्हावं म्हणून. पहिल्या वर्षी पोरांनी "माझ्या सात, तुझ्या चार" अशी भांडणं केली. तेव्हापासून नियम केला, काडी रात्री सगळे झोपल्यावर टाकायची, कुणी टाकली ते सांगायचं नाही.

वचनप्रेमी
१७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मनापासून विचारतो, राग मानू नका. हे कडं, जांभळा रंग, काड्या, पवित्र शास्त्रात कुठे आहे? दुकानदारानं चांदणी विकली ती बाहेरची सजावट आणि आपण मेणबत्ती लावली ती आतली तयारी, असं कसं? मेणबत्तीही दुकानातच मिळते.

आमच्याकडे यातलं काही नसतं. आम्ही १ डिसेंबरपासून लूकचं शुभवर्तमान रोज एक अध्याय वाचतो. चोवीस अध्याय आहेत, २४ तारखेला संपतं. घरातला प्रत्येक जण आळीपाळीनं मोठ्यानं वाचतो, अडखळला तरी चालतं. माझे वडील चौथी शिकलेले, ते बोट ठेवून वाचायचे आणि आम्ही थांबायचो.

निवृत्त_बाई
१८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वचनप्रेमी, तुमचं बरोबर आहे, आगमनकाळ हा शब्द शास्त्रात नाही. २५ डिसेंबर ही तारीखही नाही. पण तुमच्याच लूकच्या दुसऱ्या अध्यायात शिमोन आहे आणि हन्ना आहे. ती चौऱ्यांऐंशी वर्षांची विधवा, मंदिर सोडून जात नसे. बाळ आलं तेव्हा बाकीचं यरुशलेम आपल्या कामात होतं. या दोघांनी ओळखलं, कारण ते वाट बघत होते. मेणबत्ती लावा किंवा लावू नका, पण हन्नेसारखं टिकून राहायचं तर माणसाला काहीतरी रोजचं लागतं. तुमच्याकडे तो अध्याय आहे. तो छानच आहे, मीही घेणार आहे.

केकघर
१८ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

कुणाला वाईट वाटू नये, पण हे सगळं वाचून मला लागलं. मी होटगी रोडला घरून केक करते. भाऊबीज झाली की सुकामेवा भिजत घालते, १० नोव्हेंबरपासून ऑर्डरी घेते. मिस्टरांचं काम सुटलंय. या सहा आठवड्यांत जे मिळतं त्यावर दोन मुलांची शाळा चालते. लवकर नाताळ करणाऱ्यांत मीच पहिली, नाही का?

मागची तीन वर्षं २४ ला रात्री दीड वाजेपर्यंत मी डबे बांधत होते. मध्यरात्रीची उपासना तीनही वर्षं चुकली. सगळ्यांच्या घरी माझा केक आणि मी चर्चमध्ये नाही. तुम्ही म्हणता शांत बसा, मेणबत्ती लावा, वाचा. मी कधी बसू?

टॉवेलखातं
१८ नोव्हेंबर, रात्री ११.१०

ताई, माझ्या लिहिण्यानं दुखावलं असेल तर माफ करा. आपण दोघं एकाच पंगतीतले आहोत. मी हरणं मोजतो, तुम्ही मनुका. तुमच्या कष्टाला मी लवकरचं नाताळ म्हणणार नाही. तुम्ही कधी बसावं हे मला सुचत नाही, बाईंना विचारू या.

निवृत्त_बाई
१९ नोव्हेंबर, सकाळी ७.००

माझी आई विड्या वळायची. सोलापुरात किती घरं त्यावर उभी राहिली, हे इथल्यांना सांगायला नको. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. तिला प्रार्थनेसाठी गुडघे टेकायला वेळ नव्हता. ती प्रत्येक बंडलाला दोरा बांधताना एका माणसाचं नाव घ्यायची. मोठ्यानं नाही, ओठ हलायचे फक्त. पहिलं बंडल आजीचं, दुसरं शेजारच्या तेलुगू बाईचं, तिचा मुलगा मुंबईला जाऊन परतला नव्हता. असं. संध्याकाळी सुपातली पानं संपेपर्यंत सगळी गल्ली देवापुढे ठेवून झालेली असायची.

केकघर, तुमच्या प्रत्येक डब्यावर एक नाव लिहिलेलं असतं. बेटा, तुमची प्रार्थनेची यादी लोक तुम्हाला फोन करून स्वतः देतात.

आणि एक रोखठोक सांगते. २४ च्या ऑर्डरी २२ ला बंद करून बघा. प्लम केक आठ दिवस राहतो, उलट मुरतो. गिऱ्हाईक तुटणार नाही.

तरुणसंघ_सोलापूर
१९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

दादा, मंडळीतला कार्यक्रम ७ तारखेला का असतो ते सांगतो, कारण तारीख आम्हीच ठरवतो. यात बाजाराचा काही संबंध नाही. आपल्या पाळकसाहेबांकडे शहराबाहेरच्या आणखी चार मंडळ्या आहेत. १८ पासून ते गावोगाव असतात, प्रत्येक गावाला नाताळाची उपासना आणि बाप्तिस्मे हवे असतात. २४ आणि २५ ला तर त्यांना जेवायला वेळ नसतो. साऊंडवालाही त्या दिवसांत दुप्पट घेतो.

पण तुमच्या मुलीचं वाक्य मी तरुण संघाच्या बैठकीत वाचून दाखवलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकीनं सुचवलं की ७ ला कार्यक्रम होऊ दे, पण त्यात जन्म दाखवायचा नाही. लूकचा पहिला अध्याय ऐंशी ओव्यांचा आहे आणि आपण तो दरवर्षी दोन मिनिटांत उडवतो. जखऱ्या मुका होतो. म्हातारपणी अलीशिबेला दिवस जातात. मरिया डोंगराळ भागात तिला भेटायला जाते. दोन बायका दारात उभ्या राहून आनंद करतात. तेवढंच नाटक करायचं. शेवटी योसेफ आणि मरिया बेथलेहेमच्या वाटेला लागतात आणि पडदा.

बाळ २५ ला सकाळी, उपासनेत, मुलं घेऊन येतील.

शेजारीण_मुरारजीपेठ
२० नोव्हेंबर, दुपारी १२.३०

मी ख्रिस्ती नाही, पण शेजारच्या काकूंकडचं नाताळचं फराळ लहानपणापासून खाल्लंय, म्हणून लिहिते. आमचा मार्गशीर्ष उद्यापासून लागतो. या वर्षी चार गुरुवार आहेत, शेवटच्याला उद्यापन. पहिल्या तीन गुरुवारी काहीच मोठं नसतं. घर आवरायचं, कहाणी वाचायची, संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही. सासूबाई म्हणतात, उद्यापनाचा दिवस गोड लागतो तो आधीच्या तिघांमुळे. तुमचेही चारच रविवार आहेत हे आज पहिल्यांदा कळलं. काकूंना विचारणार आहे त्या काय करतात.

नाईटड्यूटी
२१ नोव्हेंबर, पहाटे ४.५०

माझे आईवडील केरळचे, माझा जन्म सोलापूरचा. आमच्या सुरियानी परंपरेत १ ते २४ डिसेंबर मांस, मासे, अंडी वर्ज्य. त्याला पंचवीस दिवसांचा उपास म्हणतात. त्यामुळे अंड्याचा केक आमच्या घरात २५ च्या आधी येतच नाही. वॉर्डात केक कापतात तेव्हा मी माझा तुकडा आयाबाईंच्या मुलांना देते. आधी लोक आग्रह करायचे, आता तेच म्हणतात, "सिस्टरचा उपास आहे."

मी प्रसूती विभागात असते. बाहेरच्या बाकावर रात्रभर माणसं बसलेली असतात. कुणी झोपत नाही, चहा गार होतो, दार वाजलं की सगळे एकदम उभे राहतात. त्यांना घाई असते पण त्यांच्या हातात काही नसतं. नऊ महिन्यांचे आठ करता येत नाहीत. मरियेलाही आले नाहीत. मला आगमनकाळ त्या बाकावर कळला, पुस्तकातून नाही. टॉवेलखातं, तुमच्या मुलीला तिचा स्वतःचा जन्म झाला त्या रात्रीची गोष्ट सांगून बघा. तुम्ही कुठं बसला होता, किती वाजले होते.

टॉवेलखातं
३० नोव्हेंबर, रात्री ९.४५

आज पहिला रविवार. काय झालं ते लिहितो.

जांभळ्या मेणबत्त्या नवी पेठेत कुठेच नाहीत. लाल, सोनेरी, चमकीच्या, सांताच्या आकाराच्या, सगळ्या आहेत. शेवटी चार पांढऱ्या आणल्या आणि बायकोनं तिघींना जांभळ्या साडीच्या जुन्या काठाच्या पट्ट्या बांधल्या. चौथीला गुलाबी रिबन. कडं केलं कडुलिंबाच्या डहाळ्यांचं, दारातच झाड आहे. परातीत ओली माती आणि त्यात ते बसवलं. कडुलिंब दोन दिवसांत मान टाकेल, मग नवीन तोडायचा.

लूकचं वाचन घेतोय, पण एक अडचण आली. १ तारखेला सुरुवात केली तर २ तारखेलाच दुसरा अध्याय येतो, म्हणजे बाळ जन्मलं! धाकटी मला सोडणार नाही. म्हणून असं ठरवलं की २ डिसेंबरला पहिला अध्याय, मग ३ तारखेला तिसरा, चारला चौथा, असं २४ पर्यंत, आणि दुसरा अध्याय २५ च्या सकाळसाठी राखून ठेवायचा. वचनप्रेमी, चालेल ना?

नाईटड्यूटी, तुमचं ऐकून तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. पाऊस होता, वीज गेली होती, मी जिन्यावर बसलो होतो, साडेतीन वाजले होते. ती म्हणाली, "मग तुम्ही काय करत होता?" मी म्हटलं, काही नाही, वाट बघत होतो. तिनं बराच वेळ मेणबत्तीकडे पाहिलं आणि विचारलं, "कंटाळा नाही आला?" नाही आला, म्हटलं. भीती वाटत होती आणि आनंदही होत होता.

बाईंनी लिहिलेल्या अबोल्याचंही डोक्यात आहे. माझा साडूशी पैशावरून आहे, चार वर्षांचा. अजून फोन उचललेला नाही. लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

वचनप्रेमी
३० नोव्हेंबर, रात्री १०.२०

चालेल. आम्हीही या वर्षी तसंच करतो. आणि २४ च्या रात्री पुनरुत्थानाचा अध्याय वाचून दुसऱ्या सकाळी जन्माचा वाचायचा, हा क्रम मला आज पहिल्यांदा दिसला. त्यावर विचार करतोय.

तरुणसंघ_सोलापूर
७ डिसेंबर, रात्री १०.५५

कार्यक्रम झाला. दादांची मुलगी अलीशिबा होती, पांढऱ्या केसांची, आजीच्या इरकलीत. पडदा पडला तरी लोक उठेनात. दोन मिनिटं तसेच बसून होते. मागून एका आजोबांनी ओरडून विचारलं, "अन् बाळ कुठाय?" आमच्यातला एक जण माईकवर गेला आणि म्हणाला, "अजून यायचंय. २५ ला सकाळी साडेआठला या." काहीजण नाराज झाले, खोटं सांगत नाही. एका काकांनी वर्गणी परत मागितली. पण पोरं मात्र घरी जाताना गव्हाणीत डोकावून बघत होती.

टॉवेलखातं
१५ डिसेंबर, रात्री १०.१५

काल गुलाबी लागली. साडूला फोन केला. तो म्हणाला, "बोल." दहा मिनिटं बोललो, पैशाचा विषय दोघांनीही काढला नाही. रविवारी ये म्हटलं तर बघतो म्हणाला.

रोज संध्याकाळी मी कारखान्यातून आल्या आल्या धाकटी विचारते, "आज कितवा अध्याय?" गव्हाणीत किती काड्या आहेत ते मी मोजत नाही.

केकघर
१५ डिसेंबर, रात्री ११.३०

२२ ला ऑर्डरी बंद. सगळ्यांना सांगून टाकलं. दोघांनी दुसरीकडून घेतो म्हटलं, बाकीचे हो म्हणाले. नावांची यादी चालू आहे, आज चौदा घरं झाली.

२४ ला रात्री मी येतेय. डावीकडच्या खांबाजवळ कुणीतरी माझ्यासाठी जागा धरा.